सुगीच्या दिवसांतील गारपीट, वीज आणि वादळ : सोलापूर जिल्ह्यासाठी पूर्वतयारीचे मार्गदर्शन

थंडी ओसरल्यापासून वळवाचे पाऊस सुरू होईपर्यंतचा, म्हणजे साधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ सोलापूर जिल्ह्यात सुगीचा असतो. याच काळात मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील ज्वारी काढणीला येते, पंढरपूर, उत्तर सोलापूर आणि बार्शी या तालुक्यांत द्राक्षांची तोडणी चालू असते, कासेगाव परिसरातील शेडमध्ये बेदाणा वाळत असतो, सांगोल्याच्या डाळिंबबागा आंबे बहाराच्या फुलावर किंवा कोवळ्या फळावर असतात, आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम अखेरच्या टप्प्यात असल्यामुळे ऊसतोड कुटुंबे उघड्या रानात कोप्या करून राहत असतात. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळणाऱ्या या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पावसाची भीती वाटावी असे आठवडे थोडेच असतात, आणि ते नेमके याच काळात येतात; कारण शेतातले सर्व धन या दिवसांत उघड्यावर असते आणि त्याच्यामागे माणसेही उघड्यावर असतात.

हा धोका किती मोठा असू शकतो याचे प्रमाण २०१४ साली मिळाले. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत पुन्हा पुन्हा गारपीट झाली आणि सोलापूर जिल्ह्यातील द्राक्ष, डाळिंब, ज्वारी, गहू व हरभरा या पिकांना तिचा तडाखा बसला. बारामतीजवळच्या माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने त्या गारपिटीची कारणे, हानी आणि गारपिटीनंतरचे पीक-व्यवस्थापन यांचा अभ्यास केला. एका दिवसाची गारपीट जिल्ह्याने पूर्वीही पाहिली होती. दोन आठवडे टिकलेल्या त्या लहरीने मात्र हे दाखवून दिले की पहिल्या तडाख्यानंतर ‘आता झाले ते झाले’ असे समजून उरलेला माल उघड्यावर ठेवणे किती महाग पडू शकते.

अशा वादळांचे मूळ पुष्कळदा दूर उत्तरेकडे असते. भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होऊन पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींना पश्चिमी झंझावात म्हणतात. हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंड या पर्वतीय प्रदेशांत हिमवर्षाव होतो तो मुख्यतः त्यांच्यामुळेच. एखाद्या झंझावाताशी निगडित असलेला वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांचा प्रवाह जेव्हा नेहमीपेक्षा दक्षिणेकडे झुकतो, तेव्हा त्या उंचीवरची थंड व कोरडी हवा दख्खनच्या पठारावर येऊन ठेपते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे जमिनीलगतच्या थरात शिरतात आणि मार्चच्या उन्हाने तापलेली जमीन त्या दमट हवेला वर ढकलते. खाली उष्ण व दमट, वर थंड व कोरडी अशी ही रचना अत्यंत अस्थिर असते आणि तिच्यातूनच गर्जन्मेघ, म्हणजे विजा व गारा देणारे उंच ढग, काही तासांत उभे राहतात. हिमालयातील गिर्यारोहकाला आणि भीमेकाठच्या बागायतदाराला सावध करणारी हवामानस्थिती अनेकदा एकच असते, आणि म्हणून उत्तरेत जोरदार हिमवर्षाव होत असल्याचे वृत्त फाल्गुनात वाचनात आले, तर सोलापूरच्या शेतकऱ्यानेही पुढील काही दिवसांचा अंदाज अधिक बारकाईने पाहावा.

गार कशी तयार होते हे समजले की पुढील सूचनांचे कारणही स्पष्ट होते. सोलापुरात जमिनीवर पारा ३६ ते ३८ अंशांवर असताना सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशापर्यंत उतरलेले असते, आणि गर्जन्मेघाचा माथा बारा ते पंधरा किलोमीटरपर्यंत पोहोचू शकतो. शून्य अंशाच्या पातळीवरच्या या थंड पट्ट्यात पाण्याचे काही थेंब न गोठता द्रवरूपातच राहतात. त्यांना अतिशीत थेंब म्हणतात. हिमकणाला असे थेंब चिकटून गोठत जातात आणि ढगातील ऊर्ध्व प्रवाह, म्हणजे वर चढणारा जोरदार वारा, त्या कणाला जितका वेळ तोलून धरतो तितका तो वाढत राहतो. तिचा भार वाऱ्याला पेलेनासा झाला की गार कोसळते. चार-पाच सेंटिमीटर व्यासाची गार जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असू शकतो, आणि म्हणून उघड्या डोक्याच्या माणसासाठी, शेळ्या-मेंढ्यांच्या पिलांसाठी आणि पत्र्यासारख्या हलक्या छपरासाठी ती साधी गोष्ट नव्हे. गारांचा पट्टा मात्र अरुंद असतो. काही किलोमीटर रुंद आणि त्याच्या अनेक पट लांब अशा चिंचोळ्या पट्ट्यात सर्व नुकसान होते आणि शेजारच्या गावात नुसता वारा सुटतो.

या शेवटच्या गोष्टीमुळे हवामान विभागाच्या इशाऱ्यांविषयी एक गैरसमज पसरतो. जिल्ह्याला पिवळा किंवा नारिंगी इशारा दिलेला असतो, गावात काहीच घडत नाही, आणि दोन-तीन वेळा असे झाले की इशाऱ्याकडे पाहणेच थांबते. वास्तविक इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो आणि तो जिल्ह्यात कोठे तरी अशी स्थिती उद्भवण्याची शक्यता सांगतो. हिरवा रंग कोणताही इशारा नसल्याचे, पिवळा लक्ष ठेवण्याचे, नारिंगी सज्ज राहण्याचे आणि लाल तातडीने कृती करण्याचे सुचवितो. आपल्या गावात गारा पडल्या नाहीत यावरून इशारा खोटा ठरत नाही, तर अकरा तालुक्यांच्या विस्तीर्ण जिल्ह्यात तो पट्टा दुसरीकडून गेला एवढेच सिद्ध होते.

पूर्वसूचना तीन मुदतींच्या मिळतात आणि प्रत्येक मुदतीत करण्याजोगी कामे वेगळी असतात. प्रस्तुत लेखातील सर्व मार्गदर्शन या एका भेदावर उभे आहे. पहिली मुदत चार-पाच दिवसांची असून ती जिल्हानिहाय इशाऱ्यांतून आणि दर मंगळवारी व शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यातून कळते. ‘मेघदूत’ या अॅपवर तो सल्ला मराठीतही पाहता येतो. दुसरी मुदत एका दिवसाची. तिसरी मुदत तीन तासांची असते आणि तिला तात्कालिक अंदाज म्हणतात. रडार व उपग्रह यांवर ढग प्रत्यक्ष दिसू लागल्यानंतर तो दिला जातो. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अॅप परिसरातील विजांची नोंद घेऊन सूचना देते. जे काम उरकायला एक दिवस लागतो ते तीन तासांच्या सूचनेवर उरकण्याचा प्रयत्न करणे हीच या काळातील सर्वांत घातक चूक आहे. कारण मग ढग डोक्यावर आलेले असताना कडबा झाकायला, बेदाण्याच्या शेडचे पडदे सोडायला किंवा झाडाखालची जनावरे सोडायला माणसे धावतात आणि वीज पडते ती अशाच वेळी.

चार-पाच दिवस हाती असताना घ्यायचे निर्णय मुख्यतः काढणीचे आहेत. ज्वारीच्या बाबतीत शेतकऱ्याने दाणा तपासावा. कणसातील दाणा टणक होऊन त्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसू लागला, की दाण्याला झाडाकडून मिळणारा अन्नरस थांबलेला असतो. या अवस्थेला शरीरक्रियात्मक पक्वता म्हणतात. यापुढे पीक रानात उभे ठेवल्याने दाण्याचे वजन वाढत नाही, केवळ ओल कमी होत जाते, आणि म्हणून इशारा असेल तर पूर्ण वाळण्याची वाट न पाहता ज्वारी काढून घेण्यात उत्पन्नाचा तोटा नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात भाकरीच्या चवीसाठी आणि कडब्यासाठी दोन्ही दृष्टींनी मोलाची आहे आणि पक्व कणसावर पडलेल्या पावसाने तिची ही दोन्ही मोले उतरतात : दाणा बुरशीने काळा पडतो आणि कडबा कुजल्याने जनावरे तो टाकून देतात. काढलेली कणसे खुडून ताडपत्रीखाली किंवा घरात न्यावीत आणि पेंढ्या रानात आडव्या पसरून न ठेवता बुचाड घालून उभ्या कराव्यात, म्हणजे पाणी आत न मुरता बाहेरच्या बाहेर ओघळून जाते. खळ्यावरील राशीभोवती वीतभर खोल चर काढून ठेवला तर ताडपत्रीखालून पाणी शिरत नाही. ताडपत्री झाकणाऱ्या अनेकांना याच गोष्टीचा विसर पडतो आणि रास वरून कोरडी पण बुडाशी भिजलेली निघते. काढलेला कांदाही शेतात पातीखाली ढीग लावून ठेवण्याऐवजी चाळीत किंवा आडोशाला हलविणे श्रेयस्कर असते.

द्राक्षाचा निर्णय अधिक कठीण असतो. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी शोधलेल्या सोनाका या वाणाने ज्या जिल्ह्याचे नाव द्राक्षशेतीत पोहोचविले, त्या जिल्ह्यात एकाच गावात छाटणीच्या तारखांप्रमाणे काही बागा तोडणीला आलेल्या, काहींत मण्यांत नुकतीच साखर उतरू लागलेली आणि काहींचे घड बेदाण्यासाठी राखलेले असतात. तोडणीयोग्य माल भावाच्या अपेक्षेने वेलीवर धरून ठेवण्याची सवय इशाऱ्याच्या दिवसांत सोडावी, कारण गारेने फुटलेला मणी एक-दोन दिवसांत सडू लागतो आणि त्याच्या रसाने शेजारचे चांगले मणीही बिघडतात. बेदाण्यासाठी राखलेल्या मालात साखर पुरेशी, म्हणजे ब्रिक्स मापकावर बावीसच्या पुढे, भरली असेल आणि शेडला पक्के छप्पर व चारही बाजूंना पडदे असतील, तर माल उतरवून रॅकवर टाकणे हा वेलीवर ठेवण्यापेक्षा बरा पर्याय होय. दमट हवेने लालसर पडलेला बेदाणा कमी भावाने का होईना विकता येतो, फुटलेल्या घडाचे मात्र काहीच होत नाही. याउलट साखर भरलेली नसेल किंवा शेडचे पडदे फाटके असतील, तर नवा माल डिपिंग करून, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट व इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवून, रॅकवर टाकण्याची घाई करू नये. पहिल्या तीन-चार दिवसांत मण्यात पाणी भरपूर असते आणि त्या अवस्थेत पाऊस लागला तर संपूर्ण लॉट काळवंडतो.

याच मुदतीत मांडव पाहून घ्यावा. घडांनी लगडलेला मांडव वादळी वाऱ्यात कोसळतो तो बहुधा मधल्या तारा तुटून नव्हे, तर कडेचे ताण सैल पडल्याने. म्हणून बांधावरचे अँगल हलवून पाहावेत, ताण आवळावेत आणि कुजलेले आधार बदलावेत. गारांपासून संरक्षण देणारी जाळी लावायची असल्यास ती दोन्ही बाजूंना उतार देऊन ताणावी, अन्यथा गारांचा ढीग झोळ पडलेल्या भागात साचतो आणि त्या ओझ्याने जाळी व मांडव दोन्ही खाली येतात. सावलीसाठीची हिरवी शेडनेट सपाट पसरून तिलाच गारांची जाळी समजणे धोक्याचे आहे. गारा फोडणाऱ्या तोफांचा प्रचार अधूनमधून होतो आणि हिमाचलच्या सफरचंदबागांत त्या बसविण्यातही आल्या. तथापि आवाजाच्या धक्क्याने गारांची निर्मिती थांबते याला शास्त्रीय आधार नाही असे जागतिक हवामान संघटनेने स्पष्ट केले आहे, आणि त्यामुळे लहान बागायतदाराने त्यांच्यासाठी कर्ज काढू नये. सोलापूर परिसरात २०१८ व २०१९ साली झालेले मेघबीजनाचे प्रयोगही पाऊस वाढविण्याच्या हेतूने झाले होते, गारपीट रोखण्यासाठी नव्हे.

एक दिवस आधीची कामे घर आणि गोठा यांची आहेत. सोलापुरातील असंख्य घरांवर पत्रे असतात आणि ते उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवलेले असतात. वादळात पत्रा उचकटला की तोच दगड आत झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो, आणि अशा मृत्यूंची वृत्ते दर उन्हाळ्यात वाचावी लागतात. दगड उतरवून पत्रे हूक व नट यांनी आढ्याला आवळणे किंवा दोन्ही टोकांना जमिनीत खुंट्या पुरून त्यांना तारेने बांधणे हे काम अर्ध्या दिवसाचे व थोड्या खर्चाचे असून ते शक्यतो होळीच्या आधीच, आणि राहिलेच असेल तर निदान या एका दिवसात उरकावे. त्याहून मोठी दक्षता लहान मुलांबाबत घ्यावी लागते. पत्र्याच्या शेडच्या लोखंडी पाइपाला तान्ह्या मुलाची झोळी बांधण्याची पद्धत सर्वत्र आहे. पत्रा पाइपासह उडाला तर झोळीही त्याच्याबरोबर जाते, म्हणून इशाऱ्याच्या दिवसांत झोळी काढून ठेवावी आणि मूल जमिनीवर पक्क्या भिंतीच्या आडोशाला निजवावे.

ऊसतोड कामगारांच्या कोप्या ही या जिल्ह्याची विशेष जबाबदारी आहे, कारण राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते आणि ही कुटुंबे बाहेरून आलेली असल्याने गावातील सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पाचटाची कोपी गारांना किंवा विजेला कोणताही अटकाव करीत नाही. ज्याच्या फडात तोड चालू आहे त्या शेतकऱ्याने, मुकादमाने आणि कारखान्याच्या शेतकी खात्याने शाळा, समाजमंदिर किंवा पक्के गोदाम आधीच ठरवून द्यावे, आणि दुपारनंतर ढग भरू लागताच मुलांना व गरोदर स्त्रियांना तेथे हलवावे. बैलांना गाडीला किंवा झाडाला बांधून ठेवू नये. रानात वाडा बसविणाऱ्या मेंढपाळांनाही हाच निरोप द्यावा लागतो, आणि तो देण्याचे काम गावकऱ्यांचेच आहे.

तीन तासांचा इशारा मिळाल्यावर, किंवा तो न मिळताही आकाशाने तो दिल्यावर, कामांची यादी अगदी लहान होते. दुपारी वारा पडून उकाडा असह्य होणे, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढराशुभ्र ढग डोळ्यांदेखत उंच चढणे, त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरणे आणि बूड काळेभोर होणे ही गर्जन्मेघाची क्रमाने दिसणारी चिन्हे होत. त्यानंतर धुळीचा लोट घेऊन गार वारा एकदम अंगावर आला, तर ढगातून खाली कोसळणारी हवा जमिनीवर पसरू लागली आहे असे समजावे. त्या क्षणी हाती काही मिनिटेच असतात आणि ती केवळ माणसांसाठी वापरायची असतात. शेडचे पडदे, ताडपत्री, जनावरांची हलवाहलव ही कामे ढगाचा माथा पसरण्यापूर्वी उरकलेली नसतील, तर ती सोडून द्यावीत.

विजेचे अंतर मोजण्याची रीत सोपी आहे. प्रकाश तत्काळ दिसतो आणि आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. लकाकी आणि गडगडाट यांत तीस सेकंद किंवा त्याहून कमी अंतर असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची डोक्यावर पडू शकते. अशा वेळी ताबडतोब पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या चारचाकी वाहनात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. पाऊस सुरू झालेला नसताना किंवा थांबल्यानंतरही वीज पडते, आणि ‘पाऊस थांबला, आता निघू’ असे म्हणून शेतातून घराकडे निघालेली माणसे तिच्या तडाख्यात सापडतात.

शेतात असताना कोठे थांबू नये हे कोठे थांबावे याच्याइतकेच महत्त्वाचे आहे. एकट्या झाडाखाली थांबणे घातक असते, कारण झाडावर पडलेली वीज त्याच्या मुळांपाशी जमिनीत पसरते आणि जवळ उभ्या असलेल्यांच्या दोन पायांमधील जमिनीवर विद्युतदाबाचा मोठा फरक निर्माण होतो. या फरकामुळे विद्युतप्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्या पायातून बाहेर पडतो. जनावरांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने त्यांच्या बाबतीत हा धोका आणखी वाढतो, आणि म्हणूनच लिंबाखाली बांधलेली गुरे एकदमच दगावतात. द्राक्षबागेचा धोका वेगळा आहे : मांडवाच्या लोखंडी तारा सबंध प्लॉटभर जोडलेल्या असल्याने एका कोपऱ्यात पडलेली वीज तारेतून दुसऱ्या कोपऱ्यात काम करणाऱ्या मजुरापर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे ढग गडगडू लागताच तोडणीच्या टोळीला बागेबाहेर काढणे हे बागमालकाचे कर्तव्य ठरते, मग गाडी भरायची राहिली तरी चालेल. विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर, ठिबकच्या लोखंडी पाइपची चावी, तारेचे कुंपण आणि उघडा ट्रॅक्टर यांपासूनही दूर राहावे. नुसत्या पत्र्याची, भिंती नसलेली शेड ही विजेपासून संरक्षण मानू नये. कोठेच जाता येत नसेल तर सखल जागी, परंतु पाणी साचलेल्या खड्ड्यात नव्हे, दोन्ही पाय जुळवून चवड्यांवर उकिडवे बसावे, डोके गुडघ्यांकडे घ्यावे व कान झाकावेत. जमिनीवर आडवे पडू नये आणि घोळक्याने एकत्र न बसता अंतर ठेवावे. गारा लागू लागल्यास प्लॅस्टिकचे क्रेट, घोंगडे किंवा पाटी यांपैकी जे हाताशी असेल ते डोक्यावर धरावे.

पंढरपूरची चैत्री वारी याच दिवसांत येते, हे यात्रेकरूंनी आणि दिंड्यांच्या चालकांनी लक्षात ठेवले पाहिजे. भीमेचे वाळवंट ही मोकळी व सपाट जागा आहे आणि पात्रात उभा असलेला माणूस तेथील सर्वांत उंच वस्तू ठरतो. स्नान करणाऱ्यांनी पहिल्या गडगडाटाबरोबर पात्राबाहेर यावे, तंबूच्या लोखंडी खांबांना टेकून बसू नये, आणि दिंडीचालकांनी मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचताच जवळचा मठ किंवा धर्मशाळा पाहून ठेवावी. सोलापूर शहरात वादळाच्या वेळी जाहिरातफलक, जुनी झाडे आणि लोंबकळणाऱ्या वीजतारा यांच्यापासून दूर थांबावे. तुटलेल्या तारेबाबत महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे.

वीज अंगावर पडलेल्या व्यक्तीच्या शरीरात विद्युतभार शिल्लक राहत नाही, आणि तिला हात लावल्याने दुसऱ्याला धक्का बसत नाही. ही गोष्ट ठाऊक नसल्यापायी प्राण गेले आहेत, म्हणून ती प्रत्येक घरात सांगितली गेली पाहिजे. अशा व्यक्तीचे हृदय बंद पडलेले असले तरी तत्काळ छातीदाब दिल्यास ती वाचू शकते : छातीच्या मध्यावर तळहाताची टाच ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एकाच वेळी अनेकांना वीज लागली असेल तर जे कण्हत आहेत त्यांच्यापूर्वी जे निश्चल पडले आहेत त्यांच्याकडे धावावे, कारण कण्हणाऱ्यांचा श्वास चालू असतो. जनावरांसाठी १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मिळते. भिजून गारठलेली कोकरे प्रथम कोरडी करून उबेत ठेवावीत.

वादळ ओसरल्यावर बागेत शिरण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदविणारे कॅमेरा-अॅप वापरून फुटलेले घड, जमिनीवरचा सडा आणि शक्य तर वितळण्यापूर्वीच्या गारा टिपाव्यात, आणि त्यानंतरच सफाईला हात घालावा. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत गारपिटीचे संरक्षण हे अतिरिक्त हप्ता भरून घ्यावे लागते व नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. हंगामाच्या आरंभी हा अतिरिक्त हप्ता वाचविणाऱ्यांना फाल्गुनात पश्चात्ताप करावा लागतो. रब्बी पिकांच्या विम्यातील तरतुदी शासन वेळोवेळी बदलत असल्याने त्या वर्षीचा शासन निर्णय तालुका कृषी कार्यालयात पाहून घ्यावा आणि १४४४७ या क्रमांकावर खातरजमा करावी. विमा नसला तरी ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान असल्यास शासकीय मदतीसाठी पंचनामा होतो. तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक यांच्या संयुक्त पाहणीत सातबाऱ्यावरील पीकनोंद तपासली जाते, म्हणून ई-पीक पाहणी आधीच पूर्ण केलेली असावी. वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना चार लाख रुपयांचे साहाय्य मिळते, परंतु त्यासाठी शवविच्छेदन अहवाल लागतो. दुःखाच्या भरात तसाच अंत्यविधी उरकला तर कुटुंब त्या मदतीला मुकते, आणि हे त्यांना सांगण्याचे कठीण काम शेजाऱ्यांनी पार पाडावे.

पिकाकडे वळताना द्राक्षात फुटलेले मणी व घड काढून बागेबाहेर पुरावेत. तोडणी जवळ असल्यास रासायनिक बुरशीनाशक फवारण्यापूर्वी त्याचा काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ, म्हणजे फवारणी व तोडणी यांत सोडावयाचे दिवस, तपासावा, कारण उर्वरित अंशामुळे उरलेला मालही नाकारला जाऊ शकतो. बेदाण्याच्या शेडमध्ये पाऊस थांबताच पडदे उघडून दमट हवा बाहेर काढावी, पंखे लावावेत आणि भिजलेला लॉट कोरड्या लॉटमध्ये मिसळू नये. डाळिंबात गारेच्या जखमेतून तेल्या, म्हणजे जिवाणूजन्य करपा, शिरतो आणि वाऱ्याबरोबर उडणाऱ्या पाण्याने बागभर पसरतो. म्हणून मोडलेल्या फांद्या निर्जंतुक केलेल्या कात्रीने छाटून मोठ्या जखमांवर बोर्डो पेस्ट लावावी, पडलेली फळे व फुले वेचून नष्ट करावीत, आणि उभ्या फळांवर काय फवारावे याचा सल्ला केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून घ्यावा. एप्रिलमध्ये खरड छाटणीला येणाऱ्या द्राक्षबागेत गारेने ओलांड्याची, म्हणजे वेलीच्या मांडवावर आडव्या वाढविलेल्या खोडाची, साल सोललेली असेल, तर छाटणीपूर्वी त्या जखमा भरून येऊ द्याव्यात, हलके पाणी व खत देऊन वेलीला सावरू द्यावे आणि छाटणी आठ-दहा दिवस पुढे ढकलावी. फार मोडलेल्या वेलींवर नव्या फुटीतून ओलांडा पुन्हा बांधावा, पण संपूर्ण बाग उपटून टाकण्याचा निर्णय नुकसानीच्या त्याच आठवड्यात घेऊ नये.